हेन्स्लीला द्यायचं मत

पूर्व केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात नळाला पाणी आलंच तर चहाच्या रंगाचं येतं. दुसऱ्या पक्षाने इथे उमेदवार उभा करणं केव्हाच सोडलंय, त्यामुळे काय ठरायचं ते मे महिन्यातल्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या मतदानातच ठरतं. शेजारची आर्डिथ कोम्ब्स त्या वर्षी हट्टालाच पेटली. म्हणाली, "या खेपेला डोळे मिटून शिक्का नाही मारायचा. एकेकाची माहिती काढते."

"काढ," तिचा नवरा डेल्बर्ट म्हणाला. खाणीतून निवृत्त झालेला माणूस, दम लागायचा त्याला. "सगळे एकाच माळेचे मणी निघतील."

ती रोज लायब्ररीत जाऊन संगणकापुढे बसायची. वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या संसदेतल्या जागेला तिघे उभे होते. तिघांचंही कुटुंबावर, बंदुकांवर आणि देवावर प्रेम. पाण्याबद्दल अवाक्षर नाही. तिने फोन केले, निरोप ठेवले. उलट फोन आले ते देणगी मागायला.

राज्याच्या विधानसभेला दोघेच होते. एक वर्षानुवर्षं खुर्चीला चिकटलेला आमदार, दुसरा रॉडनी हेन्स्ली. गावकऱ्यांनी अग्निशमन केंद्रात दोघांची सभा ठेवली, तिला एकटा हेन्स्ली आला. आर्डिथने त्याला उभं करून विचारलं, "पाइप कधी बदलणार? आणि पैसा कुठून आणणार?"

त्याने गोलगोल उत्तर दिलं नाही. कुठला निधी पडून आहे, तो कोण अडवतंय, सगळं सांगितलं. आर्डिथने लायब्ररीत जाऊन ते पडताळलं. खरं निघालं.

मग ती हेन्स्लीसाठी दारोदार फिरली. माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटलं, "अगं, माझे गुडघे बघ."

"गाडीत बसवून नेते. अजून काय हवंय?"

डेल्बर्टसुद्धा तयार झाला. कित्येक वर्षांत त्याने मत दिलं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारावर कागद चिकटवलेला होता. रॉडनी हेन्स्लीने माघार घेतली आहे, मतपत्रिकेवर नाव असलं तरी त्याची मतं मोजली जाणार नाहीत. त्याला राजधानीत मोठी नोकरी लागली होती, हे नंतर कळलं.

आर्डिथने तो कागद दोनदा वाचला. मागून तिनेच गोळा केलेली माणसं येत होती. ती एकेकाला सांगू लागली, तोच आतून अधिकारी बाई आली.

"आर्डिथ, दाराशी उमेदवारांबद्दल बोलता येत नाही. कायदा आहे."

"प्रचार कुठे करतेय मी? तो नाहीच आहे, एवढंच सांगतेय!"

"माहितीय गं. पण इथे नको."

ती रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली. काही जण कागद वाचून तसेच परत फिरले. त्यांच्यातली पीचिस टर्नर जाताना म्हणाली, "चांगली माहिती काढलीस हो!"

मी आत गेले. वॉशिंग्टनच्या रकान्यात तिघांतलं एक नाव निवडलं. का निवडलं, विचारू नका.

बाहेर आले तर डेल्बर्ट तिच्याशेजारी उभा होता. माझी खात्री होती, आता हा टोमणा मारणार. त्याने नुसता तिचा दंड धरला.

"चल."

"मत दे आधी."

"कुणाला?"

तिने गाडीची किल्ली काढली. आम्ही गाडीत बसलो. संध्याकाळी जुना आमदार प्रायमरी जिंकल्याचं रेडिओवर सांगितलं. नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत त्याच्यासमोर कुणी नव्हतंच.