चतुराबाईंना चालत नाही

इंदिरानगरच्या त्या फ्लॅटमध्ये बाळ सांभाळायला लागून चतुराबाईंना जेमतेम सहा महिने झाले होते, पण त्यांचा दरारा तेवढ्यात पार नामपूरला, बाळाच्या आजीपर्यंत जाऊन पोचला. दरारा हा शब्द चतुराबाईंच्या वाट्याला आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. मखमलाबादेत घरची फुलशेती, घरात सात माणसं, आणि त्यातलं एकही त्यांचं ऐकत नसे. नवरा ऐकत नसे, आणि सून तर सांगूनही टीव्हीचा आवाज कमी करत नसे.

इथं मात्र सगळं वेगळं. पहिल्याच दिवशी हर्षालीनं, म्हणजे बाळाच्या आईनं, एका दमात नियम सांगून टाकले होते. बाहेरून आलं की हात कोपरापर्यंत धुवायचे. बाळाजवळ मोबाईल नाही. वर्षाचा होईपर्यंत मीठ नाही, साखर नाही. आणि बाळाचा पापा कुणी म्हणजे कुणी घ्यायचा नाही.

चतुराबाईंनी याआधी तीन घरं केली होती. तिथंही नियम होतेच, पण ते फक्त बाईसाठी. घरच्या माणसांना सगळं माफ. हर्षाली ‘कुणी म्हणजे कुणी’ म्हणाली आणि चतुराबाईंनी ते अक्षरशः मनावर घेतलं. संध्याकाळी बाळाचा बाबा ललित ऑफिसातून आला, बॅग टाकून छोट्या रुद्रकडे झेपावला, तर मध्ये चतुराबाई उभ्या.

“दादा, हात.”

आणि काय गंमत, तो गेला की हो धुवायला! समोरच्या साधनाकाकू बिस्कीट घेऊन आल्या, त्या बिस्किटासकट परत गेल्या. ललितचे मित्र तर पुढेपुढे दारातूनच विचारू लागले, “मावशी, येऊ का आत?” एवढी सत्ता हातात आल्यावर कोणाला गोड लागणार नाही? घरी जाऊन त्या सुनेला म्हणाल्या, “तिथं माझ्या शब्दाबाहेर कुणी जात नाय.” सुनेनं टीव्हीचा आवाज वाढवला.

हर्षालीलाही हे फारच सोयीचं पडलं. सासूबाईंचा नामपूरहून फोन आला, की बाळाला मध चाटव, गूळपाणी पाज, असं काही ना काही निघायचंच. मग ही आवाज बारीक करून म्हणायची, “मला काही नाही हो आई, पण आमच्या चतुराबाईंना चालत नाही ना.” आत दुपट्यांच्या घड्या करताना चतुराबाईंच्या कानावर ते पडायचं आणि त्यांची मान ताठ व्हायची. आपण तर कधी असं म्हणालो नाही, हे त्यांच्या लक्षात यायचं. पण ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला!

अशी सगळी सुखाची घडी बसलेली असताना भागुबाई, म्हणजे ललितच्या आई, एका सकाळी न कळवता येऊन थडकल्या. सटाण्याला एसटी बदलून, एका हातात तुपाची बरणी आणि दुसऱ्या हातात कांद्याची पिशवी. शनिवार होता, सगळे घरातच होते. नातवाला त्यांनी बारशानंतर पाहिलं नव्हतं. सामान दारातच ठेवून त्यांनी हात पसरले, “ये रे माझ्या राजा!”

“आजी, आधी हात,” चतुराबाई म्हणाल्या.

भागुबाईंनी वर पाहिलं. “तूच का गं ती चतुराबाई?”

“मीच.”

भागुबाई सरळ मोरीकडे गेल्या. हात धुतले, पाय धुतले, पदरानं तोंड पुसलं, आणि आल्या त्या तडक रुद्रच्या गालाकडे झुकल्या. आता इथं चतुराबाईंनी जरा इकडेतिकडे पाहायला हवं होतं. सहा महिन्यांची सवय. डोक्याच्या आधी हातच पुढे गेला. त्यांनी बाळाच्या गालाआड तळहात धरला आणि भागुबाईंचा पापा, चांगला मोठ्या आवाजाचा, त्या तळहातावर बसला.

ललितला त्याच क्षणी कोणाचा तरी फोन आला आणि तो गॅलरीत निघून गेला. फोन वाजलेला मात्र कोणी ऐकला नाही.

भागुबाईंना राग आला की त्या थेट अहिराणीवर यायच्या. “कोन शे तू? मना नातू शे तो, मना, माझा!” मग सुनेकडे वळून, “हर्षाली, सहा महिने ऐकून घेतेय. चतुराबाईंना हे चालत नाही, चतुराबाईंना ते चालत नाही. घर तुझं का हिचं? आज ही बाई राहील, नाहीतर मी राहीन.”

चतुराबाईंनी हर्षालीकडे पाहिलं. आता ती बोलेल, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. हर्षाली ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि खाली बघून म्हणाली, “मावशी, तुम्ही... आज घरी जाता का? मी फोन करते नंतर.”

नंतर फोन करते म्हणजे काय, हे तीन घरं केलेल्या बाईला सांगावं लागत नाही. काम दुसरं मिळालं असतं. पण रुद्र त्यांच्या खांद्यावर मान टाकून त्यांच्या मंगळसूत्राशी खेळत होता, आणि तो दुसरा मिळणार नव्हता. शिवाय नाव जाणार होतं ते वेगळंच: आजीला नातवाला हात लावू देत नव्हती म्हणून काढली. हा दरारा आपला नव्हताच, आपल्याला नुसतं पुढे उभं केलं होतं, हे त्यांना आता लख्ख कळलं आणि संताप आला. हर्षालीचा आला, आणि हुरळून गेलेल्या स्वतःचाही.

त्यांनी बाळाला आईच्या कडेवर दिलं, आपली पिशवी घेतली आणि दाराशी थांबल्या.

“जाते, ताई. पण आजींच्या समोर एवढं सांगा, नियम कुणाचा व्हता?”

हर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, “माझा. आई, नियम माझे आहेत. सगळे. मावशींनी एकही केलेला नाही. तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती म्हणून मी त्यांचं नाव सांगत आले.” आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही बाहेर आलं. “बारशानंतर त्याला दवाखान्यात ठेवलं होतं ना, ती साधी सर्दी नव्हती. ऑक्सिजन लावला होता. इतक्या माणसांनी त्याला घेतलं, पापे घेतले... डॉक्टर म्हणाले, त्यातूनच झालं असेल. तेव्हापासून कोणी जवळ आलं की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.”

भागुबाई मटकन सोफ्यावर बसल्या. “ऑक्सिजन?” त्या म्हणाल्या. “आणि मला सर्दी म्हणून सांगितलं? हात काय, मी डोक्यावरून आंघोळ करून आले असते गं. एवढं मला सांगायला तुला परकी बाई लागली?”

हर्षाली रडायला लागली, तिला पाहून रुद्रनं सूर लावला, आणि गॅलरीतला फोन आपोआप संपून ललित आत आला. भागुबाईंनी डोळे पुसले, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि चतुराबाईंना म्हणाल्या, “तू कुठं चाललीस? ठेव ती पिशवी.” मग नातवाकडे बघत, अगदी हळू आवाजात, “आणि पापा? तो कधीच नाही का?”

हर्षालीनं सवयीनं चतुराबाईंकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघता?” चतुराबाई म्हणाल्या. “मी परकी बाई. तुमचं तुम्ही सांगा.”

हर्षालीनं रुद्रला सोफ्यावर सासूबाईंशेजारी ठेवलं. “तोंडाचा नको, आई. पायाचा घ्या. पायाचा चालतो.”

भागुबाईंनी मोजा काढला, तो गुबगुबीत तळपाय दोन्ही हातांत धरला आणि मनसोक्त पापे घेतले. रुद्र खिदळत सुटला. चतुराबाई बघत राहिल्या. रोज न्हाऊ घातलं, पावडर लावली, मांडीवर झोपवलं. पण नियम म्हणजे नियम. सहा महिन्यांत त्यांनी त्या पोराचा एकदाही पापा घेतला नव्हता.

“ताई,” त्या म्हणाल्या, “पायाचा चालतो, हे मला का नाय सांगितलं?”

उत्तराची वाट न बघता त्या खाली बसल्या आणि त्यांनी दुसऱ्या पायाचा मोजा काढला.