देवसिंगनं केलेले लाड

नागपूरच्या दुकानाला मारेगावच्या बायांच्या गटाचं आवळ्याचं लोणचं हवं होतं. पाचशे बरण्या, पण प्लास्टिकच्या! गटाच्या म्होरक्या पंचफुलानं साफ सांगितलं, प्लास्टिकमध्ये लोणच्याला वास लागतो, द्यायचं तर काचेतच. दुकानाचा माणूस अभिषेक हसला. "ताई, तुमच्या रस्त्यांवर काच टिकेल का? एक खोकं ट्रकनं दिग्रसला जाऊन परत येऊ द्या. एकही बरणी फुटली नाही, तर काच मंजूर."

ते हसणं पंचफुलाच्या डोक्यात गेलं. जिनिंगवाले ज्याला हिंग लावूनही विचारत नाहीत, तो किडक्या बोंडांतला डागाळलेला कवडी कापूस तिनं आणला आणि बारा बरण्या त्यात ठासून बसवल्या. खोकं गावातल्याच देवसिंगच्या ट्रकमध्ये चढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रक परतला. अभिषेकनं खोकं उघडलं. बाराच्या बारा धडधाकट! बायांनी टाळ्या पिटल्या. अभिषेक ऑर्डरचा कागद काढायला गाडीकडे गेला.

"कुठं ठेवलतं रे?" पंचफुलानं देवसिंगला सहज विचारलं.

"क्याबिनमंदी, काकी! माह्या चादरीत गुंडाळून. खड्डा आला का एका हातानं धरत होतो," देवसिंग छाती फुगवून म्हणाला.

पंचफुलाच्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे बाप्पा! तुले लाड करायले कोनं सांगतलं?"

"चूप राह्य ना बाई," गटातल्या प्रियंकानं तिचा हात दाबला. "साहेब कागद आनून राह्यला."

पण पंचफुला ती पंचफुला. अभिषेक येताच तिनं सगळं सांगून टाकलं. त्यानं कागद पुन्हा खिशात घातला. "मग ही चाचणी धरता येत नाही, ताई. प्लास्टिकच करू."

"कायले? थांबा!"

बरण्या तशाच कापसात बसवून तिनं खोकं बंद केलं, ते घेऊन ट्रकच्या फाळक्यावर चढली आणि दिलं खाली टाकून. धप्प! देवसिंगनं डोळे मिटले. तिनं खोकं परत वर मागितलं. या वेळी ते कुशीवर आपटलं. तिसऱ्यांदा थेट कोपऱ्यावर. बायांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आता तुमीच उघडा, साहेब."

अभिषेक एकेक बरणी काढत गेला. प्रत्येक बरणी उन्हात धरून बघितली, झाकण फिरवून बघितलं. बारावीही धड निघाली, तसा तो हात झटकत उठला.

"ताई, गप्प राहिला असता तर ऑर्डर मघाशीच मिळाली असती."

"अन् नागपुरात एक जरी फुटली असती, तं तुमी काय म्हनले असते? बायाचं काम असंच असते, हेच ना?" फाळक्यावरून उतरत पंचफुला म्हणाली. "काढा तो कागद. अन् त्याच्यावर काच लिहा, माह्यासमोर."