निळी किनार

"मावशी, या निळ्या चांदणीवर एक सोनेरी टाकून दे," म्हणत भाच्याने निशाण तिच्या मांडीवर पसरलं.

लढाईच्या दिवसांत घरातला मुलगा सैन्यात गेला की खिडकीत असं निशाण लागायचं, पांढऱ्या कापडावर निळी चांदणी. मुलगा कामी आला की तिच्यावर जरा लहान सोनेरी चांदणी शिवायची, कडेने निळं दिसत राहील अशी. आपलं पोर कधीकाळी जिवंत होतं, एवढं तरी लोकांना दिसावं. आईला सुई धरवेना म्हणून आपल्या भावाची सोनेरी चांदणी मावशीनेच शिवली होती.

भाचा घरोघरी फिरून अशी निशाणं गोळा करायचा आणि जुन्या वस्तूंच्या शौकिनांना विकायचा. फाटकी असली तर मावशी रफू करून द्यायची. पोरांची आठवण राहते, असं तिला वाटायचं.

"निळीला कुत्रंही विचारत नाही, सोनेरीला पैसे येतात," भाचा म्हणाला.

हे कोणाचं, असं तिने विचारलं. समोरच्या प्लंबरचं, तो सैन्यात असताना त्याच्या आईने लावलेलं. त्याच्या सुनेने माळा साफ करताना भंगारात काढलेलं. कालच तो म्हातारा तिच्या ओट्याखाली आडवा पडून नळाला शिव्या घालत होता आणि नंतर चहा दोनदा मागून प्याला होता.

"अरे, तो जिवंत आहे."

"घेणाऱ्याला काय माहीत?"

"मला माहीत आहे ना."

सुईने कुठे माणूस मरतो का, म्हणून तो हसला. याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिची औषधं आणणारं, दवाखान्यात नेणारं दुसरं कोणी नव्हतं. तरी त्याच्या हसऱ्या तोंडाची तिला शिसारी आली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे तिने पाहिले होते. हा तर लोण्यासाठी मढं पाडायला निघाला होता.

"चालता हो," ती म्हणाली. "हे इथेच राहील. आणि तुझ्या मामाचं निशाण तुला कधीच मिळणार नाही."

"मग औषधंही तुझी तूच आण," म्हणत तो दार आपटून गेला.

मावशी काठी टेकत रस्ता ओलांडून गेली. प्लंबरने दार उघडलं. मावशीने निशाण उलगडून दाखवलं. आई गेल्यावर फार शोधलं होतं, म्हणाला. त्याने हात पुढे केले आणि मागे घेतले.

"हात ओले आहेत माझे. तुम्हीच धरा जरा."

तो विजारीला हात पुसत राहिला. मावशी दोन्ही तळव्यांवर ती निळी चांदणी घेऊन दारात उभी राहिली.