दोन घरांत एक दिवा

आता लोक त्याला शेठ म्हणत. फरशीचं भरल्या बाजारात दुकान, मग म्हणणारच! पण शाळेत पोरं त्याला 'अर्धा दिवा' म्हणायची आणि ते त्याच्या काळजात अजून सलत होतं.

कारण घरच तसं. काचेच्या भट्टीवरच्या कामगारांसाठी कोणे एके काळी बांधलेली एकेका खोलीची रांग. दर दोन घरांच्या मधल्या भिंतीत एक आरपार दगडी कोनाडा. त्यात एकच दिवा ठेवायचा, उजेड दोन्हीकडे. एक आठवडा तेल यांचं, एक आठवडा शेजाऱ्यांचं. शेजारीण आईवर रुसली की दिवा आपल्या बाजूला ओढून घ्यायची, आणि याचं गणित अंधारात बसायचं.

रांग पडत पडत आता आईचं एकच घर उरलं होतं. त्यावरूनही रुंद रस्ता जायचा होता. जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याच्या बाई घर बघायला येणार होत्या. त्यांना जपण्यासारखं काही दिसलं तर घर वाचणार, नाहीतर आईला लेकाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात जावं लागणार. आई म्हणायची, "पाहुणी म्हणून चार दिवस येईन रे. पण मरायचं ते माझ्या घरात."

लेकाची चिंता मात्र वेगळीच. शिकलेसवरलेले लोक येणार आणि काजळीनं माखलेलं ते भोक बघणार? छे छे! त्यानं आईला मावशीकडे धाडलं आणि बऱ्याच वर्षांनी स्वतः थापी हातात घेतली. कोनाड्याचे दगड छिन्नीनं फोडून काढले, विटा भरल्या आणि वरपासून खालपर्यंत पांढऱ्याशुभ्र टाइल्स लावल्या. फोडलेले दगड खडीच्या गाडीत गेले.

आई परतली. भिंतीवरून हात फिरवत राहिली.

"कशी झालीय?"

"गुळगुळीत झालीय," ती म्हणाली आणि पदरानं उगाचच तोंड पुसलं.

तो टाइल्सच्या फटींत सिमेंट भरत होता, तेवढ्यात ठरल्या वेळेआधीच बाई दारात हजर. हातात एक जुना फोटो. "आजी, तो दिव्याचा कोनाडा कुठाय? सगळ्या रांगेत तुमचाच शिल्लक आहे. खरं म्हणजे त्याच्यासाठीच आले मी."

आईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदाच.

"मीच बुजवला," ती म्हणाली. "थंडीचा वारा यायचा हो आत. म्हातारीची अक्कल ती केवढी!"

"अहो, असं कसं केलंत? निदान कुणाला विचारायचं तरी!" बाई हळहळल्या. मग भिंतीपाशी उकिडव्या बसलेल्या, कोपरापर्यंत सिमेंटनं माखलेल्या माणसाकडे वळल्या. "तुम्ही कारागीर का? ते दगड कुठे आहेत?"

खरं बोलायला एवढी सोपी वेळ पुन्हा यायची नव्हती. मी हिचा मुलगा, मीच फोडला. बस, एवढंच. पण त्यानं नजर थापीवरच ठेवली.

"हो, कारागीर," तो म्हणाला. "दगड गेले खडीत."

आई म्हणाली, "गुणी आहे हो तो. मी सांगितलं तसं बिचाऱ्यानं केलं. त्याला बोलू नका."

मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, पण धरणीला काय, तिला दुसरी कामं असतात.

बाईंनी उरलेलं घर मन लावून पाहिलं, दाराची चौकट पाहिली, मान हलवली. "आता माझ्या हातात काही राहिलं नाही, आजी," म्हणाल्या आणि गेल्या.

त्याला वाटलं, आता आई फाडून खाईल. तिनं फळीवरची पातेली खाली काढायला घेतली.

"हे मोठं मावेल का रे तुमच्या स्वयंपाकघरात?"

"आई, मी... मी घाबरलो गं. मला लाज वाटली."

"कळलं मला. घराची वाटली तोवर ठीक होतं." तिनं पातेल्यात वाट्या रचल्या. "पण मी तुझी कोण, असं त्या बाईनं विचारलं असतं, तर काय सांगितलं असतंस, तेवढं मला सांगू नकोस."

तो खाली मान घालून भांडी पोत्यात भरू लागला.