बी गेली कुठं

१९८९ साली बुलढाण्यातल्या एका खासगी संगणक केंद्रात रंगराव प्रोग्राम लिहायचा. साखरखेर्ड्याच्या वीज उपकेंद्रातून नवी लाइन निघाली होती. तिला ए म्हणायचं ठरलं. म्हणून जुनी ए आता बी, जुनी बी आता सी. उपकेंद्रातल्या स्विचांवर नवी अक्षरं रंगवूनही झाली होती. कोणता खांब कोणत्या लाइनवर, ती यादी रंगरावनं बदलली. आधी सगळ्या ए काढून बी, मग सगळ्या बी काढून सी. छापलेली प्रत सकाळच्या एसटीनं गेली.

दुपारी त्यानं आपली प्रत चाळली. पानभर सी. बी एकही नव्हती.

प्रोग्रामच्या पहिल्या ओळीनं ए ची बी केली होती आणि दुसऱ्या ओळीनं त्याही बीची सी. क्रम उलटा हवा होता. मळ्यांकडे जाणारी लाइन, जुनी ए, आता खरी बी. कागद तिला सी म्हणत होता.

त्यानं उपकेंद्राला ट्रंक कॉल बुक केला. तो लागेपर्यंत रंगराव उभाच होता. उपकेंद्रात फोन ड्यूटीवरच्या किसनरावांनी उचलला. ते कालच तिथं बदलून आले होते.

"मळ्याच्या लाइनवर काम हाय का आज?"

"हाव. लाइनमन कडूबा खांबावर चढून राह्यला. सी बंद करून देली त्याले, तुमचा कागद पाहून."

"सी नाही, बी! मळ्याची बी हाय!"

"कागदावर तं बी-फी काहीच नाही बे."

"कागद चुकला! समदं बंद करा!"

रिसीव्हर टेबलावर आपटला. पावलं. दोन खटके. किसनरावांची आरोळी, "कडूबा, थांब!" मग दूरवर कोणीतरी ओरडलं. हाक की किंकाळी, रंगरावला कळेना.

"हॅलो," किसनराव धापा टाकत होते. "खिडकीतून दिसते तो."

"हालते का?"

"हालते. शिव्या देऊन राह्यला मले, काऊन बोंबलता म्हणून. हात लावतच होता तारेले."

रंगरावनं खुर्ची ओढली आणि बसला.

"गावातली गिरणी बंद पडली, लोक येतीन आता. सांग, कोणती सुरू करू?"

बरोबर अक्षर रंगरावला माहीत होतं. पण त्यानं आधी दुसरंच विचारलं.

"कडूबा उतरला का?"

"उतरून राह्यला."

"मंग कोणतीच नको. त्याचे पाय जमिनीले लागू द्या."