हरभऱ्याची आंब

"सूनबाई, हरभऱ्याला लाडावून ठेवायचं नाही. त्याच्या मुळाशी गाठी असतात, त्यांत तो आपलं अन्न आपणच शिजवतो. पेरताना कुजलेलं शेणखत द्या, सोबत थोडं सुपर फॉस्फेट. मग त्याच्या वाटेला जाऊ नका."

सासरे सूर्याजी हे म्हणाले तेव्हा शालिनीताईंच्या हातावरची मेंदी ओली होती म्हणा ना. आंब धरायलाही त्यांनीच शिकवलं. थंडीत, ऊन वर यायच्या आत, धुतलेलं मलमल हरभऱ्यावर अलगद अंथरायचं. पानांवरचं आंबट दहिवर फडक्यात उतरतं, फडकं पिळलं की वाटीत आंब. उलट्यांनी बेजार झालेल्या गर्भारणीला तिचे थेंब-दोन थेंब चाटवले की जीव थाऱ्यावर येई.

यंदा बेजार होती पुतणसून सोनिका. भाताची वाफ आली तरी तिला मळमळे. आंबेचा हट्ट तिनेच धरला, म्हणून रविवारी पहाटे सगळे दाना ओली या हिंदी मुलखातल्या शहराच्या जुन्या गल्लीतून शेतावर आले. सिटी सेंटरच्या पलीकडे, नव्या कॉलन्यांच्या मधोमध उरलेला एवढासा तुकडा. तो आता पुतण्या समरजीत कसत होता. दाण्यांची वाट न पाहता तो कोवळे शेंडेच भाजीसाठी विकायचा. बांधावर फळी ठोकली होती: ‘शुद्ध जैविक’, म्हणजे निव्वळ सेंद्रिय.

शालिनीताईंनी फडकं वाटीवर पिळलं आणि मान फिरवली. आंबट वासाच्या जागी मासळीबाजारातल्या गटाराचा वास. बोटांवर तपकिरी बुळबुळ, तिच्यात चिकटलेला माशाचा खवला.

वासाचा माग काढत गेल्यावर विहिरीमागे ड्रम सापडला. झाकण उचललं तर आत माशांची सडलेली आतडी, वर पांढऱ्या अळ्यांची वळवळ. शेजारी युरियाची फाटकी गोणी आणि पाठीवरचा फवारणी पंप. त्याच्या नळीतून तेच पाणी ठिबकत होतं.

शालिनीताईंनी झाकण परत लावलं. घाणीची त्यांना सवय होती, उभा जन्म हातांनी शेण कालवलं होतं. पण ती घाण मातीच्या पोटात जायची आणि माती तिचं सोनं करायची. ही पानांवर बसली होती. तीच पानं लोक तिखटमीठ लावून कच्ची खात होते.

त्यांनी समरजीतला बाजूला घेऊन विचारलं, पानांवर काय मारतोस? तो गोड हसला.

"काकू, सब जैविक है. तुम्ही कशाला टेंशन घेता?"

ड्रम मुळाशी ओतायला आहे म्हणाला, आणि वर शेंड्यांचा हिरवागार रंग कौतुकाने दाखवला. खोटं बोलतानाही त्याचा चेहरा इतका प्रसन्न होता, की शालिनीताईंना ड्रमापेक्षा त्याचीच शिसारी आली. आपल्याच घरचं पोर, आणि अंगाला आता त्याचा वारासुद्धा लागू नये असं वाटलं.

एव्हाना मोटारी येऊन थांबल्या होत्या. गिऱ्हाइकं जुड्या निवडत होती. गरिमा नावाची एक बाई शेंडा तोंडात टाकून बाकीच्यांना सांगत होती, असा स्वाद दुकानच्या भाजीला नाही.

शालिनीताई वाटी घेऊन लिंबाखालच्या खाटेशी गेल्या. सोनिका उठून बसली. तिचे ओठ सुकले होते, डोळे खोल गेले होते. तिने हात पुढे केले, पण शालिनीताईंनी वाटी सोडली नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून त्या समरजीतकडे बघत राहिल्या.

"तुझ्या नवऱ्याच्या शेतातली आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तोच सांगेल, प्यायची की नाही."

समरजीतचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्याने आधी गिऱ्हाइकांकडे पाहिलं. बायकोकडे नंतर.

"पिऊ ना, जी?" सोनिकाने नवऱ्याला विचारलं. आणि ती वाटीकडे वाकली.

"मत पियो," समरजीत म्हणाला. मग मोठ्याने पुन्हा म्हणाला. "पिऊ नकोस, सोनिका. माशांचं सडकं पाणी आहे त्यात. युरिया आहे. पानांवर मीच मारतो, रोज संध्याकाळी. तुम्ही सगळे पण... ते तोंडातलं थुंका."