कल्याणरावांची बोट

मोहियोद्दीन शेख यांनी उभी हयात एसटी चालवली. श्रीगोंद्याहून काष्टीमार्गे दौंडला जाताना भीमेचा पूल लागायचा आणि पूल लागला की त्यांची मान आपोआप डावीकडे वळायची. पाणी भरलेलं असलं तर दोन सेकंद जास्त वळायची. थांबून बघावं असं कितीदा तरी मनात आलं. पण मागं पन्नास माणसं आणि घंटीवर कंडक्टरचा हात. ते पुलावर कधीच थांबले नाहीत.

निवृत्त झाल्यावर लोक शेळ्या घेतात, पिठाची गिरणी टाकतात, फार तर नातवंडांना शाळेत सोडतात. मोहियोद्दीन एका सकाळी चहा पिता पिता बायकोला म्हणाले, "एक बोट घ्यावी म्हणतो. इंजिनाची. जुनी बघू."

सरवरी लसूण सोलत होती. तिनं वर बघितलं नाही. "पव्हता येतं का तुमाला?"

"न्हाई."

"मग?"

"हजला गेलो तवा उडता कुठं येत हुतं? इमानात बसलोच की."

पुण्यातला मुलगा फरदीन फोनवर खूप हसला. म्हणाला, अब्बा, त्यापेक्षा स्कूटर घ्या. पण सरवरी हसली नाही. या माणसानं आजवर घरात चहासुद्धा मागून घेतलेला नाही, हे तिला माहीत होतं. तिनं एवढंच सांगितलं की बघायला जाल तेव्हा मी बरोबर येणार.

मग मोबाईलवर एक फोटो आला. कर्जत तालुक्यात, धरणामुळं तुंबलेल्या भीमेच्या फुगवट्यावर एक गाव आहे. तिथल्या कल्याणराव नावाच्या शेतकऱ्याची बोट विकायची होती. हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरले की ते पुण्या-मुंबईच्या माणसांना त्यातून पक्षी दाखवायला न्यायचे. आता गुडघे बोलायला लागले, चढउतार होईना, म्हणून विकणार. फोटो टाकला होता त्यांच्या मुलीनं, धनश्रीनं. ती कर्जतला शिक्षिका. रविवारी या, मीही असते, असं ती म्हणाली.

रविवारी सकाळी मोहियोद्दीननी जुनी ओम्नी काढली, डिकीत पान्हे टाकले, टॉर्च टाकला आणि दोघं निघाले.

बोट काठावर बाभळीखाली दोन चाकांच्या गाड्यावर चढवून ठेवलेली होती. पांढरी, अंगावर निळा पट्टा, सहा माणसं बसतील एवढी. कल्याणराव शेजारी उभे होते. उंच, सडपातळ, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. नमस्कार झाला, आणि मोहियोद्दीन काही विचारायच्या आतच ते वाकून बोटीच्या पोटाखाली बोट दाखवून म्हणाले, "हितं ठिगाळ हाय बघा. खडकाला घासली हुती. आदी हे बघा, मंग बाकीचं."

मोहियोद्दीनना हा माणूस तिथंच आवडला. सगळ्या आयुष्यात त्यांनी गाड्या विकणारे पुष्कळ पाहिले होते. ठिगळ आधी दाखवणारा हा पहिलाच.

तरी त्यांनी तपासायचं ते सोडलं नाही. नाणं घेऊन सगळं फायबर ठोकून बघितलं. कुठं पोकळ आवाज येतो का म्हणून कान लावला. मागची फळी, जिच्यावर इंजिनाचं सगळं ओझं असतं, ती स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून पाहिली, कडक होती. इंजिनाचं तेल कागदावर घेतलं. दुधाळ दिसलं असतं तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. ते स्वच्छ होतं. इंजिनाच्या, पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचं एक पातं जरासं वाकलेलं सापडलं. कल्याणराव म्हणाले, "ते मला म्हाईत नव्हतं," आणि खाली बसून पात्यावरून असा हात फिरवला, जणू बैलाच्या खुराला लागलंय.

तिकडं झाडाखाली कल्याणरावांच्या बायकोनं, रतनबाईंनी, सरवरीला चटईवर बसवून चहा दिला. दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. रतनबाई म्हणाल्या, "भाबी, बोट म्हंजी माझी सवत हाय बघा. तिला धुत्यात, पुसत्यात, पावसात झाकत्यात. मला मातर कदी बसवलं न्हाई. मला भ्याव वाटतं म्हनून मी बी कदी बसते म्हनले न्हाई."

बोट पाण्यात उतरवली. कल्याणरावांनी मोहियोद्दीनना नारिंगी जॅकेट घालायला लावलं, आपलंही घातलं, त्याचे बंद घट्ट आवळले. धनश्री मोबाईलवर व्हिडिओ घेत काठावर उभी राहिली. इंजिन सुरू झालं आणि बोट पाण्यावर निघाली.

पहिली काही मिनिटं मोहियोद्दीनना काही सुचलंच नाही. रस्ता नाही, खड्डा नाही, समोरून येणारा ट्रक नाही. वारा आणि पाणी. कल्याणराव स्टिअरिंगवर होते आणि शेजारी बसलेल्या या माणसाला एकेक गोष्ट समजावून सांगत होते. हा लिव्हर पुढं ढकलला की पळती, मागं घेतला की मागं येती, मधी आनला की नुसती उभी ऱ्हाती. लिव्हर मधी असल्याबिगर चावी लागत न्हाई.

"आन् ब्रेक?" मोहियोद्दीननी विचारलं.

"पान्याला कसला ब्रेक, भाई?" कल्याणराव हसले. मग ते गंभीर झाले. "एक ध्यानात ठेवा. बोटीच्या बुडाला मागं एक बूच अस्तं. काठावर आनली की ते काढायचं, आतलं पानी जातं. पर पान्यात घालायच्या आदी ते लावलंय का, हातानं बघायचं. डोळ्यानं न्हाई, हातानं. ते इसारलं की..."

आणि ते थांबले.

मोहियोद्दीन पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले. कल्याणराव समोर बघत होते, तोंड थोडं उघडं. मग त्यांचं अंग पुढं कलंडलं, छाती स्टिअरिंगवर आली आणि लिव्हरवरचा हात पुढं सरकला. बोट उसळली. स्टिअरिंग एका अंगाला गेलं आणि बोट गरागरा वळायला लागली.

मोहियोद्दीनच्या उजव्या पायानं ब्रेक दाबला. खाली फायबरची जमीन होती. त्यांनी पुन्हा दाबला, सगळा जोर लावून दाबला. इतक्या वर्षांत त्या पायानं शेकडो जनावरं, पोरं, सायकलवाले वाचवले होते. आता तो पाय नुसता आपटत राहिला. मग कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी कल्याणरावांच्या बोटांखालून लिव्हर मागं ओढला. जास्तच ओढला गेला. इंजिन गचका देऊन बंद पडलं.

सगळीकडं शांत झालं. बोट आपल्याच लाटांवर डुलत होती.

"कल्याणराव," ते म्हणाले. "अवो कल्याणराव."

त्यांना ओढून खाली निजवलं. तोंडाचा रंग गेला होता. नाकाशी हात धरला. काही लागलं नाही. एसटीत एकदा प्रशिक्षण झालं होतं, छाती कशी दाबायची ते रबराच्या बाहुल्यावर शिकवलं होतं. त्यांनी जॅकेटचे बंद सोडायला घेतले. बंद निघेनात. त्यांची बोटं दुसऱ्या कुणाची असल्यासारखी वागत होती. शेवटी दातानं ओढून एक सोडवला, जॅकेट फाकवलं आणि छातीवर दोन्ही हात ठेवून दाबायला लागले. दाबलं. दाबलं. घाम डोळ्यांत उतरला. कल्याणरावांचे डोळे अर्धे उघडे होते आणि त्यांत आभाळ दिसत होतं.

काठ लांब होता. तिथं उभी असलेली माणसं कणीसारखी दिसत होती. हाक मारून उपयोग नव्हता. आता दाबत राहावं, की बोट काठाला न्यावी? दाबत राहिलं तर इथंच राहणार. न्यायची तर हात सोडावा लागणार. मोहियोद्दीन ड्रायव्हर होते. आजवर रस्त्यावर काय करायचं हे त्यांना कधी कुणाला विचारावं लागलं नव्हतं. इथं त्यांनी मान वर करून सगळीकडं बघितलं, कुणी सांगेल का म्हणून.

मग उठले. लिव्हर मधे आणला. चावी फिरवली. इंजिन लागलं.

बोट सरळ जाईना. स्टिअरिंग फिरवलं की ती जरा थांबून वळायची आणि वळली की वळतच राहायची. एका हातानं स्टिअरिंग धरून दुसरा हात खाली कल्याणरावांच्या खांद्यावर ठेवून ते येत राहिले. तोंडानं कलमा पुटपुटत होते, मधेच "आलो, आलो" म्हणत होते. कुणाला म्हणत होते, त्यांनाच ठाऊक नव्हतं.

काठ जवळ आला तसं धनश्री दिसली. ती मोबाईल धरून हसत होती. स्टिअरिंगवर पाहुणे बसलेले तिला दिसत होते, पण खाली निजलेले वडील, तिचे दादा, दिसत नव्हते. ती आईला ओरडून सांगत होती, "आई, बघ ना. दादांनी त्यांच्या हातात बोट दिली. आजवर कुणाला दिली होती का?" रतनबाई उठून उभ्या राहिल्या आणि पदर सावरून त्यांनी हात हलवला.

मोहियोद्दीननी हात वर केला नाही. सरवरीनं तेवढ्यावरून ओळखलं. इतक्या लांबून, नवऱ्याच्या खांद्यांवरून तिला कळलं की काहीतरी झालंय. ती चटईवरून उठली आणि रतनबाईंचा हलणारा हात तिनं आपल्या हातात धरला.

ब्रेक नव्हता. बोट चिखलात घुसली आणि धनश्रीच्या पायाशी येऊन थांबली. तिचा मोबाईल अजून सुरूच होता.

पुढचं मोहियोद्दीनना तुकड्यातुकड्यानं आठवतं. माणसं धावत आली. कल्याणरावांना उचललं, जीपमध्ये घातलं. कुणीतरी म्हणालं, काही राहिलं नाही. एक धिप्पाड तरुण, कल्याणरावांचा पुतण्या गोरक्ष, त्यानं मोहियोद्दीनची कॉलर धरली. "चांगला चालता-बोलता माणूस गेला हुता तुमच्या संगं. काय केलं तुमी? नाव काय तुमचं?"

त्यांनी नाव सांगितलं. नाव सांगितल्यावर जमलेली माणसं एकदम गप्प झाली, आणि ती शांतता त्यांना पाण्यावरच्या शांततेपेक्षा वाईट वाटली.

रतनबाई जीपकडं निघाल्या होत्या. त्या माघारी वळल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं अजून. "सोड त्यास्नी, गोरक्ष," त्या म्हणाल्या. "पव्हता येत न्हाई त्या मानसाला. तरी घिऊन आला."

पोहता येत नसल्याची गोष्ट रतनबाईंना सरवरीनं चहा पिताना सांगितली होती.

डॉक्टर म्हणाले, झटका एवढा मोठा होता की दवाखान्यातच आला असता तरी काही झालं नसतं. पोलिसांनी चार गोष्टी विचारल्या, धनश्रीच्या मोबाईलमधलं बघितलं आणि जायला सांगितलं. घरी आल्यावर मोहियोद्दीन अंगणात खुर्ची टाकून बसले ते बसलेच. जेवताना उजवा पाय मधेच जमिनीवर आपटायचा. सरवरी बघायची आणि भाजी वाढायची. फरदीन पुण्याहून आला, दोन दिवस राहिला, बोटीचा विषय त्यानं काढला नाही. कुणीच काढला नाही.

तेरावा होऊन गेल्यावर धनश्रीचा फोन आला. आईला भेटायचंय, म्हणाली. येता का एकदा, काका?

जावं की नाही, त्यांना ठरवता येईना. सरवरी ओम्नीत जाऊन बसली, म्हणून ते गेले.

रतनबाई ओसरीवर होत्या. गोरक्षनं पाणी आणून दिलं आणि खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी चुकलंच माजं." मोहियोद्दीननी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग रतनबाईंनी ज्यासाठी बोलावलं होतं ते विचारलं. "भाई, शेवटाला काय म्हनले का ते? कुनाचं नाव घेतलं का?"

मोहियोद्दीनच्या मनात आलं, सांगावं की तुमचं नाव घेतलं. कुणाला कळणार होतं? सरवरीसुद्धा त्यांच्याकडं तसंच बघत होती. पण ज्या माणसानं ठिगळ आधी दाखवलं, त्याच्या बायकोशी खोटं बोलायला जीभ वळेना.

"बुचाचं सांगत हुते," ते म्हणाले. "पान्यात घालायच्या आदी हातानं बघायचं म्हनाले. ते इसारलं की... येवढंच. म्होरं न्हाई बोलले."

रतनबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, आणि अचानक त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला, आणि त्या दिवसापासून जे आलं नव्हतं ते रडू आलं. धनश्री आईला धरून बसली. मग रतनबाईच बोलल्या. "नवी बोट आनली तवा सगळं गाव गोळा केलं हुतं. नारळ फोडला, पेढं वाटलं. आन् बूच लावायचं इसारले. सगळ्या गावाच्या देखत गुडघाभर पान्यात बुडाली. कुनी आटवन काडली तर चार दिस बोलायचे न्हाईत. तुमाला सोताहून सांगत हुते व्हय?"

"सांगत हुते," मोहियोद्दीन म्हणाले.

"मग बोट तुमीच न्या."

त्यांना नको होती. त्यांनी तसं सांगितलंही. ती बोट समोर आली की माझा पाय कापतो, म्हणाले. रतनबाईंनी ऐकून घेतलं. "मला बी भ्याव वाटतं," त्या म्हणाल्या. "पर मला येकदा तितं जायचंय. जितं ते गेले तितं. गोरक्षला चालवता येती, पर जागा तुमालाच म्हाईत."

म्हणून बोट पाण्यात गेली. घालायच्या आधी मोहियोद्दीन गुडघाभर चिखलात वाकले, बुडाला हात घालून बूच चाचपलं, पुन्हा चाचपलं. सरवरीनं रतनबाईंना जॅकेट घातलं आणि दोघी मागं एकमेकींचा हात धरून बसल्या. मोहियोद्दीननी लिव्हर हळूच पुढं केला. उजवा पाय थरथरत होता. त्यांनी त्याला थरथरू दिलं.

जागा नक्की कुठली, हे पाण्यावर कसं सांगणार? त्यांनी अंदाजानं बोट उभी केली. "हितंच असंल," ते म्हणाले.

रतनबाईंनी वाकून पाण्यात हात घातला. इकडं तिकडं फिरवला. पाणी थंड होतं, हिरवट होतं, त्यात काही नव्हतं. लांब उथळ पाण्यात दोन करकोचे उभे होते.

"माघारी घेऊ का, वहिनी?" मोहियोद्दीननी विचारलं.

रतनबाईंनी ओला हात लुगड्याला पुसला. पलीकडच्या काठाकडं बघितलं. उभा जन्म या काठावर गेला होता, पण तिकडची झाडं त्यांनी इतक्या जवळून कधी बघितली नव्हती.

"एवढ्यात नगं," त्या म्हणाल्या. "जरा त्या अंगाला घ्या. आन् थोडी जोरात घ्या."